सुई निवडताना

पाठ १४ (माहितीपर गद्य)

प्रस्तावना

कामावर निघालेल्या माणसाच्या खांद्याला बहुधा एखादी पिशवी असतेच. गवंड्याची थापी आणि ओळंबा, वीजजोडणी करणाऱ्याची पक्कड, फिरत्या विक्रेत्याचे नमुने, मुलांची वह्यापुस्तके, असे कितीतरी ओझे किंतानाची, म्हणजेच कॅनव्हासची, पिशवी मुकाट्याने वाहत असते. ती फाटली, की आपण एक तर ती टाकून देतो, नाही तर घरात हाताला लागेल त्या सुईने तिला टाके घालतो. टाके घालणे अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र ते नेहमीच तसे नसते, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले.

या पाठाचा अभ्यास केल्यावर जाड कापडाची पिशवी दुरुस्त करण्यासाठी कोणती सुई, कोणता दोरा आणि कोणती साधने घ्यावीत, हे तुम्हांला कारणांसह सांगता येईल. शिवणकामातील काही जुने मराठी शब्द ओळखता येतील. एखाद्या कामाची कृती दुसऱ्याला समजेल अशा क्रमाने लिहिताही येईल.

मूळ पाठ

काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी मी बंगळूरला गेले होते. बैठक आटोपल्यावर संध्याकाळी चिकपेटेत गेले. बंगळूरची मूळ वस्ती केंपेगौडाने १५३७ साली वसवली. त्या वस्तीतले दोन मुख्य रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाभोवती हा बाजार पसरला आहे. त्यांपैकी एक रस्ता दोड्डपेटे, म्हणजे मोठी पेठ. त्यालाच आज अव्हेन्यू रोड म्हणतात. दुसरा चिक्कपेटे, म्हणजे लहान पेठ. 'पेटे' हा कानडी शब्द ऐकला, की मराठी माणसाला आपली 'पेठ' आठवते. चिकपेट नावाने लहान असली, तरी गर्दीने लहान नाही. रेशमी साड्या, पडद्यांची कापडे, अस्तरे, गुंड्या आणि दोऱ्यांची रिळे घेतलेली माणसे एकमेकांना खेटून चालत असतात. २०१७ पासून येथे मेट्रोचे भूमिगत स्थानकही आहे. त्यामुळे गर्दी कमी झाली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

या गर्दीतच माझ्या पिशवीचा पट्टा तुटला. खरे तर तो तुटला नाही. पट्टा शाबूत होता आणि त्याच्या शिवणीचा दोराही शाबूत होता. शिवणीखालचे कापडच एका सरळ रेषेत टरकले आणि पिशवीतली हस्तलिखित पाने रस्त्यावर पसरली. दोन महिने तपासलेले ते पाठ होते. त्यांची दुसरी प्रत नव्हती. ये-जा करणाऱ्या चौघांनी ती पाने वेचून हाती दिली, म्हणून ती वाचली. त्यातल्या एकाने कानडीत काहीतरी सांगितले आणि बोटाने शेजारची गल्ली दाखवली.

त्या गल्लीत जिन्याखालच्या जागेत एक वृद्ध शिंपी बसले होते. मी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागले, तर त्यांनी मराठीत उत्तर दिले. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता, परंतु ती मराठीच होती. यात नवल मानण्याचे कारण नाही. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली. मराठीचा या शहराशी संबंध तेव्हापासूनचा तरी आहेच. पुढे नामदेव शिंपी आणि भावसार समाजांतील अनेक कुटुंबे कर्नाटकातील गावोगावी शिवणकाम आणि कापडाचा व्यवसाय करीत राहिली. बाहेर कानडी आणि घरात मराठी, असा त्यांचा भाषाव्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

त्यांनी पिशवी हातात घेतली, फाटलेली कड बोटाने चाचपली आणि विचारले, "हे टाके कुणी घातले, ताई?"

"मीच घातले, काका. दोन महिन्यांपूर्वी. चांगल्या मजबूत दोऱ्याने घातले होते."

"दोरा मजबूतच आहे. म्हणून तर कापड गेलं." ते हसले. "सुई कुठली घेतली होती?"

मी सांगितले, की जाड कापड आहे म्हणून दुकानातून सर्वांत तीक्ष्ण सुई मागून घेतली होती. टोकाला तीन धारा असलेली ती सुई कापडातून लोण्यासारखी जात होती. ते ऐकून त्यांनी काहीही न बोलता फाटलेली कड माझ्या डोळ्यांजवळ धरली. टपालाच्या तिकिटाची कड जशी दातेरी असते, तशी ती दिसत होती. मी माझ्याच हाताने त्या कापडावर भोकांची एक रांग पाडली होती. तिकीट जिथे फाडायचे तिथेच फाटावे म्हणून जी युक्ती करतात, तीच मी पिशवीवर केली होती.

कापड आणि चामडे

माझी चूक कुठे झाली, हे समजण्यासाठी कापडाची घडण लक्षात घ्यावी लागते. कापड हे उभ्या आणि आडव्या धाग्यांनी विणलेले असते. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्यांना बाणा. किंतानात हे धागे जाड, पीळदार आणि अगदी दाट बसवलेले असतात. सदऱ्याचे सुती कापड दर चौरस मीटरला साधारणपणे १०० ते १५० ग्रॅम भरते, तर पिशव्यांचे किंतान ३०० ते ५०० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक भरते. तरीही ते धाग्यांचेच असते आणि दोन धाग्यांमध्ये वाट असतेच. योग्य सुई ती वाट शोधते. धागे बाजूला सारते आणि पुढे जाते. सुई निघून गेल्यावर धागे पुन्हा जवळ येतात आणि दोऱ्याला घट्ट धरतात.

चामड्यात अशी वाट नसते. त्यात ताणाही नाही आणि बाणाही नाही. तो तंतूंचा एकसंध थर असतो. म्हणून चामड्याच्या सुईचे टोक तीन धारांचे करतात. ती चामडे कापत आत शिरते आणि तिथे ते योग्यच असते. हीच सुई किंतानात घातली, तर वाटेत येणारा प्रत्येक धागा ती कापते किंवा कुरतडते. शिवताना आपल्याला वाटते, काम किती सुलभ झाले! प्रत्यक्षात प्रत्येक टाक्यागणिक कापडाचे बळ कमी होत असते. आरंभी सुखकर वाटणाऱ्या साधनाविषयी थोडा संशय बाळगावा, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. पिशवीच्या तळाला किंवा पट्ट्याच्या मुळाशी चामड्याचा तुकडा लावलेला असेल, तर तेवढ्या ठिकाणी चामड्याची सुई किंवा आरी वापरावीच लागते. अशा वेळी चामड्याला आधी वेगळी छिद्रे पाडून घ्यावीत आणि मग गोल टोकाच्या सुईने ते किंतानाला जोडावे. म्हणजे चामड्यालाही त्रास नाही आणि कापडालाही नाही.

उसवले की फाटले?

शिंपीकाकांनी पुढचा प्रश्न विचारला, तो दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला. फिरतीवर कापडाचे नमुने दाखवणारा एक तरुण आपली भली मोठी पिशवी घेऊन आला होता. "पट्टा सुटला," एवढेच तो म्हणाला. काकांनी विचारले, "उसवला की फाटला?" त्या तरुणाला दोहोंतला फरक ठाऊक नव्हता. पुष्कळांना तो नसतो. पिशवी नसेल तर दुसऱ्या दिवशीचा त्याचा फेरा चुकणार होता आणि फेरा चुकला, की त्या दिवसाची कमाईही बुडणार होती. तरीदेखील काकांनी घाई केली नाही. त्यांनी पट्ट्याचे मूळ उलटेसुलटे करून पाहिले आणि मगच सुयांचा डबा उघडला.

शिवणीचा दोरा तुटून दोन भाग सुटे झाले, पण कापड धड राहिले, तर ती शिवण उसवली, असे म्हणतात. कापडाचे धागेच तुटले, तर ते फाटले. उसवलेल्या शिवणीत जुनी छिद्रे आयती मिळतात. तेथे नवे एकही छिद्र पाडू नये. बोथट टोकाची सुई घेऊन जुन्याच छिद्रांतून दोरा न्यावा. बोथट टोक धाग्यात घुसत नाही. ते छिद्र शोधत जाते. फाटलेल्या कापडाची गोष्ट निराळी. तेथे आधी आतून त्याच जातीच्या कापडाचे ठिगळ लावावे लागते. ते फाटक्या जागेच्या चारही बाजूंनी निदान दोन बोटे पुढे गेले पाहिजे. कारण टाके धड कापडात पडायला हवेत. विरलेल्या कापडात घातलेला टाका म्हणजे वाळूत रोवलेला खांब होय.

त्या तरुणाचा पट्टा उसवलेला निघाला. माझी पिशवी मात्र फाटली होती.

आकड्यांचे कोडे

बाजारात हाताने शिवायच्या सुयांची जी पाकिटे मिळतात, त्यांवरील नावे बहुधा इंग्रजीच असतात. एकोणिसाव्या शतकात जगातल्या सुयांचा फार मोठा भाग इंग्लंडमधील रेडिच या गावात तयार होत असे. ही नावे तेथूनच रूढ झाली आणि टिकली. आज आपल्याकडे भारतात बनलेल्या सुया सर्वत्र मिळतात. 'पोनी' या नावाने विकल्या जाणाऱ्या सुया १९४९ साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या आहेत. तिचा कारखाना बंगळूरच्या दक्षिणेस, निलगिरी पर्वतातील केत्ती येथे आहे.

'शार्प्स' म्हणजे नेहमीची, बारीक नेढ्याची सुई. ती सदऱ्याची गुंडी लावायला ठीक. किंतानात ती वाकते किंवा मोडते. 'शेनील' ही जाड, लांबट नेढ्याची आणि टोकदार सुई असते. तितकीच जाड, तसेच नेढे असलेली, परंतु बोथट टोकाची सुई म्हणजे 'टॅपेस्ट्री'. या दोन्ही मुळात भरतकामासाठी केलेल्या आहेत. पण पिशवीच्या दुरुस्तीला त्यांच्याइतक्या सोयीच्या आणि स्वस्त सुया क्वचितच मिळतील. फाटलेल्या जागी ठिगळ लावताना शेनील घ्यावी आणि उसवलेली शिवण पुन्हा घालताना टॅपेस्ट्री. 'लेदर' किंवा 'ग्लोव्हर्स' असे लिहिलेली सुई तीन धारांची असते. माझी चूक याच पाकिटाने झाली होती. पाकिटावर नाव स्पष्ट छापलेले होते. मी ते वाचले नव्हते.

आता आकड्यांविषयी. हाताच्या सुईचा क्रमांक जितका मोठा, तितकी ती बारीक. म्हणजे १८ क्रमांकाची शेनील जाड आणि २४ क्रमांकाची बारीक. पिशवीसाठी १८ क्रमांक बहुधा योग्य ठरतो. यंत्राच्या सुईचे मात्र बरोबर उलट असते. तेथे आकडा मोठा तर सुई जाड. शिवणयंत्राच्या सुईवर १००/१६ असे लिहिलेले असते. त्यातील १०० या आकड्याचा अर्थ तिची जाडी १ मिलीमीटर आहे, म्हणजे मिलीमीटरचे १०० शतांश भाग, असा होतो. त्यामुळे "मोठ्या नंबरची सुई द्या" असे दुकानात कधीही सांगू नये. जाड हवी की बारीक, हाताची की यंत्राची, टोकदार की बोथट, हे शब्दांत सांगावे. शक्य असल्यास पिशवी आणि दोरा सोबत न्यावा. दुकानदाराला दाखवलेली वस्तू दहा वाक्यांचे काम करते.

शिडाच्या कापडासाठी वेगळी सुई असते. तिचेही टोक तीन बाजूंचे असते, पण चांगल्या सुईच्या त्या कडा घासून मऊ केलेल्या असतात. त्यामुळे ती जाड विणीतून वाट काढते आणि धागे सहसा कापत नाही. किनारपट्टीवरील बाजारात ती मिळू शकते. मिळाली तर जरूर घ्यावी; न मिळाल्यास अडून बसू नये.

पाठगत प्रश्न १
१. चामड्याची सुई किंतानाला अपायकारक का ठरते?
२. १८ आणि २४ या क्रमांकांच्या हाताच्या सुयांपैकी जाड कोणती?
३. उसवलेल्या शिवणीसाठी बोथट सुई का घ्यावी?

दोरा आधी, सुई नंतर

आपण सामान्यतः आधी सुई घेतो आणि मग तिच्यात मावेल तो दोरा शोधतो. काकांची पद्धत उलटी होती. कापड पाहून दोरा ठरवायचा आणि दोरा पाहून सुई. सुईने पाडलेल्या छिद्रातून दोरा ओढला जाताना तो घासता कामा नये. पण छिद्र इतके मोठेही नको, की दोरा त्यात सैल पडेल. सुई बारीक असेल, तर प्रत्येक टाक्याला दोरा खरवडला जातो आणि शिवण संपेपर्यंत त्याचा कापूस होतो. शिवाय सुई ओढायला जास्त जोर लागतो आणि ती नेढ्याजवळ मोडते. सुई फार जाड असेल, तर टाके हलत राहतात आणि पावसाचे पाणी छिद्रांतून आत येते.

नेढे योग्य आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत त्यांनी दाखवली. दोरा सुईत ओवायचा आणि त्याची दोन्ही टोके दोन हातांत धरून तो वर-खाली ताणायचा. सुई आपल्या वजनाने हळूहळू खाली घसरली, तर नेढे बरोबर आहे. ती अडकून राहिली, तर नेढे लहान. दगडासारखी खाली आली, तर फारच मोठे.

दोऱ्याबद्दल त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मी प्रथम चकित झाले. ते म्हणाले, "दोरा कापडापेक्षा थोडा कच्चा असावा, ताई. कधीतरी ओझं जास्त होणारच. तेव्हा काहीतरी तुटणार. दोरा तुटला तर अर्ध्या तासाचं काम. कापड फाटलं तर पिशवीचं आयुष्य गेलं." विचार केल्यावर हे पटते. घरातील विजेच्या जोडणीत वितळतार ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे. काय निकामी व्हावे, हे आपणच आधी ठरवून ठेवायचे. माझ्या पिशवीत हे नेमके उलट घडले होते. दोरा अभंग राहिला आणि त्याने कापडाला सुरीसारखे चिरले.

'कच्चा' याचा अर्थ मात्र कुजका असा नव्हे. यंत्राचा साधा सुती दोरा चौपदरी करून वापरण्याची सवय अनेकांना असते. चारही पदर सारखे ताणलेले राहत नाहीत. एकावरच भार येतो, तो तुटतो, मग दुसरा. त्यापेक्षा एकच जाड, पीळदार दोरा घ्यावा. सुती दोरा ओला झाला, की फुगतो आणि छिद्र बुजवतो, हा त्याचा गुण. परंतु तो सतत ओला राहिला, तर कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही आणि उन्हातही बराच काळ टिकतो. नायलॉनचा दोरा चिवट खरा, पण तो ताणला जातो आणि उन्हाने लवकर दुबळा होतो. नेहमीच्या पिशवीसाठी जाड पॉलिएस्टर दोरा, हा मधला मार्ग चांगला.

शिवण्यापूर्वी हा दोरा मधमाशांच्या मेणाच्या खड्यावरून दोन वेळा ओढून घ्यावा. मेणामुळे त्याचे तंतू मिटून बसतात, गुंता होत नाही आणि टाका जागचा हलत नाही. मेणबत्तीचे मेण ठिसूळ असते. त्याचे कपचे पडतात. दोऱ्याची लांबी आपल्या हाताएवढी, म्हणजे बोटापासून खांद्यापर्यंत असावी. आळसाने घेतलेला लांब दोरा शेवटी अधिक वेळ खातो. आमच्याकडे त्याला 'आळशाचा दोरा' म्हणत.

दाभण, आरी आणि हाताची साधने

गोणपाटाची तोंडे शिवायची लांब, जाड सुई म्हणजे दाभण. गोणपाटाची वीण इतकी विरळ असते, की दाभण तिच्यातून सहज जाते. किंतानाच्या दाट विणीत मात्र ती भगदाड पाडते. घरात दाभण आहे म्हणून तीच वापरावी, हा मोह टाळलेला बरा.

पट्ट्याच्या मुळाशी कापडाचे चार-पाच थर एकावर एक येतात. तेथे कितीही चांगली सुई हाताने ढकलणे अवघड होते. अशा ठिकाणी आरीने आधी वाट करून घ्यावी. चांभार वापरतात त्या आरीच्या टोकाजवळ एक खाच असते. आरी आरपार घालून खालचा दोरा त्या खाचेत अडकवतात आणि वर ओढून घेतात. भरतकामातील प्रसिद्ध 'आरीकाम' याच हत्याराच्या नाजूक रूपाने केले जाते. आपल्याला खाचेची आरी लागतेच असे नाही. गोल, सरळ टोकाची साधी आरी पुरते. ती दाबताना किंचित फिरवत न्यावी, म्हणजे धागे सरकतात. कापडाखाली लाकडाचा तुकडा किंवा जुनी चप्पल ठेवावी. दुसऱ्या हाताचा तळवा आरीच्या समोर कधीही धरू नये. हे वाक्य वाचायला सोपे आहे, पण आरीने झालेली बहुतेक दुखापत याच निष्काळजीपणाने होते.

सुई ढकलण्यासाठी बोटात धातूचे अंगुस्तान घालावे. शिडे शिवणारे कारागीर तळहातावर चामड्याचा पट्टा चढवतात. त्यात बसवलेल्या धातूच्या चकतीने सुई रेटतात आणि त्यामुळे सगळ्या हाताचा जोर कामी येतो. तो पट्टा नसला, तर जाड चामड्याचा तुकडा तळहातावर धरूनही काम निभते. पलीकडे आलेली सुई ओढायला लहान पक्कड चांगली. पण सुई सरळ ओढावी. ती डावी-उजवीकडे हलवली, की मोडते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बोटांत धरला, तर पुष्कळदा पक्कडही लागत नाही. सुईचे टोक साबणावर टेकवून घेतले, की ती हलकी जाते. माझी आजी त्यासाठी सुई केसांतून फिरवत असे. केसांचे तेल सुईला लागे, एवढेच त्यामागचे शास्त्र.

टाक्यांचे काम

एवढी तयारी झाल्यावर टाके घालण्यात फारसे अवघड काही उरत नाही. धावदोरा घालत एका टोकापर्यंत जावे आणि त्याच छिद्रांतून उलट परत यावे. जाताना जिथे रिकामी जागा राहिली, तिथे येताना टाका पडतो आणि दोन्ही बाजूंनी सलग शिवण दिसते. एका इंचात पाच-सहा टाके पुष्कळ झाले. टाके जवळजवळ घातले म्हणजे शिवण भक्कम होते, हा समज खोटा आहे. टाके वाढले, की छिद्रे वाढतात. पट्ट्याच्या मुळाशी एकच आडवी ओळ न घालता चौकोन शिवावा आणि त्यात फुली घालावी. भार एका रेषेवर न येता सर्व दिशांना वाटला जातो. शेवटी मोठी गाठ मारण्यापेक्षा तीन-चार टाके मागे यावे आणि दोरा कापावा. गाठ घासून सुटते. दुहेरी टाके सुटत नाहीत.

काम सुरू करताना किती सुया काढल्या आणि संपल्यावर किती परत ठेवल्या, हे मोजावे. तयार कपड्यांच्या कारखान्यांत सुई मोडली, तर तिचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी सुई देत नाहीत, अशी शिस्त असते. पिशवीत हात घालणारे मूल आपल्याच घरातले असते; तेव्हा ही शिस्त घरीही पाळावी.

काकांनी माझ्या पिशवीची फाटकी कड आत दुमडली, आतून किंतानाचे ठिगळ लावले आणि पट्टा जुन्या जागेपासून तीन बोटे खाली, धड कापडावर बसवला. पट्टा त्यामुळे थोडा आखूड झाला. ते मला आवडले नाही आणि मी तसे म्हटलेही. "ताई, पट्टा आखूड चालेल, भरवसा आखूड चालणार नाही," असे म्हणून त्यांनी दोरा कापला. पिशवी आजही वापरात आहे. मध्यंतरी पट्ट्याचा दोरा एकदा तुटला. कापड धड होते. मी १८ क्रमांकाची बोथट सुई घेतली आणि जुन्याच छिद्रांतून तो पुन्हा शिवला.

शब्दार्थ

किंतान – जाड, दाट विणीचे कापड, कॅनव्हास. नेढे – सुईचे छिद्र. सह्याद्रीतील काही किल्ल्यांवर कड्याला जे आरपार भोक असते, त्यालाही नेढे म्हणतात. अंगुस्तान – शिवताना बोटात घालायचे टोपण. विरणे – वापराने कापड पातळ होणे. टरकणे – कापड एकदम लांब फाटणे. ठिगळ – फाटक्या जागी लावलेला कापडाचा तुकडा. वितळतार – विजेचा भार वाढल्यास वितळून प्रवाह तोडणारी तार.

भाषाभ्यास

शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींचे शब्द घेतात. मराठी 'सुई' आणि कानडी 'सूजि' या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'सूचि' या शब्दात आहे. मराठीतील 'दाभण' कानडीत 'दब्बण' या रूपात भेटते. त्या दिवशी काकांनी मुलाला "दब्बण आण" असे सांगितले, तेव्हा मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

मराठीत कापड खराब होण्याला आणि ते नीट करण्याला किती निरनिराळी क्रियापदे आहेत, पाहा. उसवणे, फाटणे, विरणे, टरकणे, झिजणे हे एका बाजूला. शिवणे, सांधणे, तुणणे, टाचणे हे दुसऱ्या बाजूला. लुगड्याचा विरलेला भाग काढून टाकून उरलेले तुकडे जोडण्याला 'दंड घालणे' असा स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. संत नामदेवांच्या हिंदी पदांतही सुई, दोरा, गज आणि कात्री यांची रूपके आली आहेत. त्यांची एकसष्ट पदे शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत.

स्वाध्याय

१. 'दोरा कापडापेक्षा थोडा कच्चा असावा' या विधानामागील कारण सात-आठ ओळींत लिहा.
२. 'उसवणे', 'फाटणे' आणि 'विरणे' या क्रियापदांतील फरक स्पष्ट होईल, असे प्रत्येकी एक वाक्य तयार करा.
३. तुमच्या घरातील एक जुनी पिशवी घ्या. ती कुठे उसवली आहे आणि कुठे फाटली आहे, ते पाहा. दुरुस्तीसाठी लागणारी सुई, दोरा आणि साधने यांची यादी करून प्रत्येकापुढे कारण लिहा.
४. दुकानदाराकडे पिशवीसाठी सुई मागत आहात, अशी कल्पना करून आठ वाक्यांचा संवाद लिहा. त्यात सुईचा क्रमांक न सांगता तिचे वर्णन करा.
५. 'सुतावरून स्वर्ग गाठणे' आणि 'आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार' यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या एखाद्या हत्याराची निवड कशी करावी, हे नवख्या माणसाला समजेल अशा रीतीने वीस ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. तिच्या तीन धारा कापडाचे ताणे-बाणे कापतात आणि शिवणीच्या रेषेवर कापड दुबळे होते.
२. १८ क्रमांकाची.
३. ती धाग्यांत न घुसता जुन्या छिद्रांतूनच जाते. त्यामुळे नवी छिद्रे पडत नाहीत.